खरवडलेलं कपाळ

“...मग चुकलं कुठं, उस्ताद? तेवढं एक सांगा. तेवढंच विचारायला आलोय.”

डॉक्टर भरतेश मगदूम दर्ग्याच्या ओवरीत उभे होते. पायांत नुसते मोजे, हातांत खोका. खोक्यात ट्रक.

ट्रक फूटभर लांब. खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचा.

उस्ताद दस्तगीर भिंतीला टेकून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी मिरजेच्या नाक्यावर खरे ट्रक रंगवले. पुढे गुडघे शिडी चढेनात, म्हणून ते पत्र्याचे आणि लाकडाचे छोटे ट्रक करू लागले. छोट्या ट्रकला शिडी लागत नाही. शिष्य मात्र आपोआप जमतात.

त्यांतले डॉक्टर सर्वांत हुशार. त्यांच्याकडे जर्मन एअरब्रश होता, भिंगाचा चष्मा होता, पुण्याच्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस होतं. नम्रता तेवढी मागवायची राहिली होती.

“बस,” उस्ताद म्हणाले.

“बसायला वेळ नाही.”

“मग उभा ऱ्हा. उभ्यानं तरी कुठं दिसलीय चूक?”

डॉक्टर बसले. फोन मांडीवर ठेवला, पडदा वर करून.

ओवरीच्या दुसऱ्या टोकाला सावंता कोष्टी बसला होता. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला मेकॅनिक. तो फक्त लाल बस करतो. आतापर्यंत चौदा केल्या, चौदाही सारख्या. पंधरावी हातात होती.

“आ करा, डॉक्टर,” सावंता म्हणाला. “कुठं दुखतंय ते सांगा.”

डॉक्टर हसले नाहीत.

दुखणं असं होतं. आप्पा, म्हणजे डॉक्टरांचे वडील, दवाखान्यात होते. परवा गुरुवारी सकाळी सात वाजता त्यांची छाती उघडायची होती. वय अठ्ठ्याहत्तर. सर्जनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पाहू.” डॉक्टर स्वतः दंतवैद्य. रोज वीस माणसांना “पाहू” म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात काय असतं, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आप्पांनी, बाबगोंडा मगदूम यांनी, तेवीस वर्षं एकच ट्रक चालवला. तो कधीच भंगारात गेला. आत नेण्याआधी त्यांना त्यांची गाडी एकदा दाखवायची, एवढं मुलानं मनात धरलं होतं.

“पहिली गाडी घरीच दाखवली, आजारपण सुरू झालं तेव्हा,” डॉक्टर म्हणाले. “आप्पांनी बघितली आणि भिंतीकडं तोंड केलं. ‘ही माझी नव्हे’ म्हणाले.”

“मग?”

“निळा गडद झाला होता. नवी केली. तरी तेच. ‘ही माझी नव्हे.’ मग फोटो भिंगाखाली धरला. हौद्याच्या फळ्या अकरा होत्या. मी दहा लावलेल्या.”

“अरारा,” सावंता म्हणाला. “एक दात कमी म्हणजे काय थोडं झालं?”

“ही तिसरी. फळ्या अकरा. रंग बरोबर. मागच्या फाळक्याच्या साखळीच्या कड्यासुद्धा मोजून.” डॉक्टरांनी फोनकडे पाहिलं. काही नव्हतं. “काल दवाखान्यात नेली.”

“काल काय म्हणाला?”

“...‘दारात आणू नको ती’ म्हणाले.”

त्यांनी खोक्याचं झाकण दाबून बसवलं.

“दवाखान्यात कसलं दार, उस्ताद? नाडी एकशेवीस झाली. नर्सनं मला बाहेर काढलं. गाडीसकट.” डॉक्टरांनी फोनचा पडदा बाहीनं पुसला. “आज मंगळवार. हातात एक दिवस आहे. चूक कळली तर रातोरात... जागून दुरुस्त करीन. पण कळायला तर हवी.”

“त्यालाच विचारलंस का, काय चुकलं म्हणून?”

“फोटो आहेत की माझ्याकडं.”

“बाप समोर खाटंवर, आन् तू फोटोला विचारतोस.”

“माणसाची आठवण फसवते, उस्ताद. फोटो फसवत नाही.”

हे वाक्य डॉक्टरांनी पुण्याच्या प्रदर्शनातही म्हटलं होतं. तिथे टाळ्या पडल्या होत्या. इथे एक कबुतर उडालं.

“उघड खोका.”

डॉक्टरांनी गाडी काढून फरशीवर ठेवली. शेजारी चार फोटो मांडले, प्लास्टिकच्या पाकिटांतले. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी.

उस्तादांनी गाडीला हात लावला नाही. मान वाकडी करून नुसते पाहत राहिले. मग काचेच्या वरच्या पट्टीकडे बोट केलं. ड्रायव्हर मंडळी तिला गाडीचं कपाळ म्हणतात.

“हे काय?”

डॉक्टरांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच जरा उजळला.

“ते बघा! सगळ्यांत अवघड ते. कपाळावरचा रंग खरवडलेला आहे. खाली तांबडा प्रायमर दिसतो, त्याच्याखाली उघडा पत्रा. मी तिन्ही थर दिले आणि दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं एकेक घासून काढला. पाच दिवस लागले. परीक्षक म्हणाले, एवढी अस्सल झीज पाहिली नाही.”

“झीज,” उस्ताद म्हणाले.

“हो.”

“आन् आत, काचेपाशी? हा काळपट चौकोन?”

“तिथं काहीतरी लावलेलं असणार. तसबीर वगैरे. ती निघाली, म्हणून तेवढाच भाग ऊन न खाता गडद राहिला. फोटोत आहे. म्हणून केला.”

“बंपरला?”

“दोरा. लिंबूमिरचीचा. लिंबू नाही, मिरच्या नाहीत, नुसता दोरा. फोटोत आहे.”

“सीट?”

“उघडी. चादर नाही. स्पंज फाटलेला. तोही फोटोत—”

सावंता कोष्टीनं हातातली बस खाली ठेवली.

डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. ते बॅटरीचं झाकण दाखवत होते.

“फोटो कुठले?” उस्तादांनी विचारलं.

“कागदांत सापडले. एजंटानं काढले होते. गाडी विकली त्या दिवशी.”

“कवा?”

“मला डेंटलला प्रवेश मिळाला त्या साली. गाडी दिली त्या दि—”

डॉक्टर थांबले.

मांडीवरचा फोन उजळला. त्यांनी झडप घालून उचलला. कुठल्या तरी दुकानात उद्यापासून सोफे स्वस्त मिळणार होते. त्यांनी फोन खाली ठेवला. हात तिथंच राहिला.

“ड्रायव्हर गाडी देतो,” उस्ताद म्हणाले. “कपाळावरचं नाव देत न्हाई. गिऱ्हाईक दारात उभं असतं, एजंट घाई करतो, आन् हा बंपरवर चढतो. पत्र्याचा तुकडा घेऊन. मी घातलेली कितीतरी नावं माझ्याच डोळ्यांदेखत खरवडली त्यांनी.”

“मदतीला जायचं न्हाई,” सावंता म्हणाला. “शिव्या खाव्या लागतात.”

डॉक्टर गाडीकडे पाहत होते. कपाळाकडे. खाली तांबडा प्रायमर, त्याच्याखाली उघडा पत्रा. पाच दिवसांचं काम.

“मी हे तीन वेळा...” ते म्हणाले. “तीन वेळा त्यांच्यासमोर... दर वेळी आधीपेक्षा चांगलं खरवडून.”

उस्तादांनी बाजूचा पत्र्याचा डबा ओढला. पिवळ्याची बारकी बाटली काढली, हलवली, उघडली. चार केसांचा ब्रश बुडवला, बाटलीच्या काठावर निथळून घेतला आणि डॉक्टरांपुढं धरला.

“घाल नाव.”

डॉक्टरांनी ब्रश घेतला. सवयीनं भिंगाचा चष्मा नाकावर ओढला. डाव्या हाताची करंगळी केबिनला टेकवली. ब्रश कपाळाजवळ नेला.

तिथेच राहिला.

वर पंखा फिरत होता. बाहेर एक ट्रक गिअर बदलत चढ चढला आणि गेला.

“...पिवळ्या अक्षरांत होतं,” डॉक्टर म्हणाले. “लाल किनार.”

“व्हय. मग?”

“मी पाचवीपासून पुण्याला, मामाकडं. सुट्टीत यायचो. तेव्हा गाडी बाहेर असायची. आली तर पहाटे यायची, दुपारी जायची.”

“नाव.”

“बाहुबली... नाही. ते शेजारच्या चौगुल्यांच्या गाडीवर. आक्काचं नाव?... नाही, आक्का गाडीनंतर झाली. काहीतरी तीन अक्षरांचं. नाहीतर चार.”

ब्रशच्या टोकाशी थेंब जमत होता. असा थेंब जमू द्यायचा नाही, हे डॉक्टरांनीच नव्या शिष्यांना तीनदा समजावलं होतं. तो त्यांच्या पांढऱ्या पँटवर पडला. त्यांना कळलं नाही.

“उस्ताद, तुम्हीच रंगवलं असेल. आठवून बघा.”

“रंगवलं असंल. नाक्यावरची निम्मी नावं माझ्या हातची. पर माझं त्यात कोण होतं? मी कशाला ध्यानात ठेवू?”

“कागदांवर नाव नसतं,” डॉक्टर भराभर बोलू लागले. “आई नाही. ज्यानं गाडी घेतली तो वारला. क्लीनर एक होता, विजापूरकडचा. त्याचा पत्ता काढला तर... पण एक दिवस. एका दिवसात विजापूर—”

“विजापूर कशाला?” सावंता म्हणाला. “दवाखान्यात हाय की एकजण.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी याला उत्तर दिलं असतं. लाल बसवाल्याला उत्तर द्यायला त्यांना आवडायचं.

“त्यांना विचारता येणार नाही,” ते म्हणाले.

“का? बोलतोय न्हवं?”

“बोलतात.”

“मग?”

“विचारलं तर कळेल त्यांना.”

“काय कळंल?”

डॉक्टरांनी ब्रश खाली ठेवला. फरशीवर. ओला. हे पाप त्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

“...की मला माहीत नाही. त्यांनी ते तेवीस वर्षं पुढं घेऊन गाडी हाकली, आणि माझ्यासाठी चढून खरवडलं. आणि मला ते माहीत नाही. परवा आत नेतील. आणि हे डोक्यात घेऊन जातील. त्यापेक्षा नकोच दाखवायला. उस्ताद, नकोच ना? कोरंच राहू दे. सगळा रंग मारून टाकतो कपाळावर. निळा. सपाट. खरवड दिसणार नाही. आज रात्रीत होईल. चालेल ना?”

ते उठायला लागले होते. गाडी खोक्यातसुद्धा ठेवली होती.

उस्तादांनी फरशीवरचा ब्रश उचलला. टर्पेंटाईनमध्ये धुतला, लुंगीच्या टोकाला पुसला. बोटांनी केस सारखे केले. घाई काही नव्हती. डॉक्टर उभ्यानं पाहत होते आणि फोन मुठीत आवळत होते.

मग उस्तादांनी पिवळ्याची बाटली बंद केली. बाटली आणि ब्रश खोक्यात टाकले, गाडीच्या शेजारी.

“निळा मारू नकोस. तूही घालू नकोस,” ते म्हणाले. “ब्रश त्याच्या हातात दे.”

“आप्पांच्या?”

“मग काय नर्सच्या?”

“उस्ताद, एका हाताला सलाईन आहे. दुसरा थरथरतो. चमचा धरवत नाही त्यांना.”

“तेवीस वर्षं त्यानं चमचा न्हाई, स्टिअरिंग धरलं.”

“कपाळ अर्धा इंच उंचीचं आहे! अक्षर वाकडं येईल. रंग काचेवर जाईल, टपावर जाईल. सगळी गाडी बिघडेल.”

“बिघडली की आण. बघायचीय मला.”

सावंतानं खोका त्यांच्यापुढं सरकवला.

खोका छातीशी धरून ते ओवरीच्या पायरीपर्यंत गेले. तिथं वळले.

“शुक्रवारी आणतो, उस्ताद. ऑपरेशन होऊन जाऊ दे. ते नीट बाहेर आले, की मग...”

“शुक्रवारी नको,” उस्ताद म्हणाले. “आजच घालून घे. रंग वाळायच्या आत आण.”