वाकीतले खुंट

फार फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर तेव्हा धरणं नव्हती आणि शेतांना सरकारी नकाशे नव्हते, इतकी जुनी.

वाकी नावाची एक लहानशी नदी होती. रानात एका जांभळीच्या मुळाशी ती उगवायची आणि बांबूच्या बेटांतून, दगडांना वळसे घालत खाली उतरायची. रान संपून शेतं लागली की तिची घाई सरायची. कधी उजवीकडं कलायची, कधी डावीकडं. डोंगरगाव आणि माळगाव या दोन गावांच्या मध्ये तर तिनं भलं मोठं वळण घेतलं होतं. वळणाच्या आत उभं राहिलं की समोर नदी, डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला नदी. मागं तेवढी एक चिंचोळी पट्टी डोंगरगावाकडं जायची, आणि तिच्यावर करंज-वाळुंजाचं दाट बन होतं.

दोन्ही गावांची शीव म्हणजे वाकीच. पावसाळा सरला की माणसं काठावर जमत. पंच गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळभर पाणी पीत आणि म्हणत, "पाण्याअलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं." पुरात एका काठाचं रान खचे, दुसऱ्या काठाला गाळाची मळई पडे. मळई ज्याच्या बांधाला लागे, त्याची ती. आज याचं गेलं, उद्या त्याचं. त्यावरून तंटा असा कधी झाला नाही.

वळणाच्या आतलं रान डोंगरगावच्या धोंडजीचं होतं. एका वर्षी त्याच्या बांधाला मळईची पट्टी लागली. त्यानं तिथं कलिंगडं लावली आणि ती अशी धरली की बैलगाडी भरून उरली. बस, धोंडजीला मळईची चटक लागली. नदीनं आपणहून दिलं त्यावर समाधान मानावं, तर माणूस कसला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा त्यानं आपल्या काठापासून आत नदीत खुंटांची ओळ ठोकली, फांद्या विणल्या, दगड टाकले. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मासे अडवायला केलंय." पावसाळ्यात पाणी खुंटांवर आपटून पलीकडच्या काठावर जाऊन धडकू लागलं. पलीकडं माळगावच्या गोजराबाईचं रान होतं. तिचा काठ खचायचा आणि याच्याकडं गाळ साठायचा. दर उन्हाळ्यात धोंडजी जुन्या ओळीच्या पुढं नवी ओळ ठोकी, आणि मागची ओळ गाळात गडप होई.

खुंटांना लाकूड हवं. लांब कोण जाणार? त्यानं घरामागच्या, पट्टीवरच्या बनावर कुऱ्हाड चालवली.

त्याची बायको तानुबाई म्हणाली, "अहो, ते बन राहू द्या. पुरात तेवढाच आपल्याला आडोसा आहे."

"नदी पुढं आहे, मागं नाही," धोंडजी म्हणाला. "तू चूल सांभाळ."

होता होता मळई इतकी वाढली की धोंडजीनं तिच्यावर नवं घर बांधलं. त्या वर्षी काठावर गावं जमली तेव्हा गोजराबाई पुढं आली. नवऱ्यामागं एकटीनं रान कसणारी बाई, बोलणं मोजकं.

"धोंडजीभाऊ, माझी विहीर आता काठाला आलीय," ती म्हणाली. "आणखी एक पूर, की ती गेली. विहीर गेली तर मी काय कसू? तेवढे खुंट काढा."

"बाई, ते माशांसाठी आहेत. नदी सरकली त्याला मी काय करू? पाण्याअलीकडचं आमचं. रीत म्हणजे रीत."

असं म्हणून त्यानं सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी प्यायलं. माळगावचे म्हातारे पंच त्याच्याकडं बघत राहिले. रीतीत खुंटांविषयी काही शब्द नव्हता, कारण असं कुणी करील हे वाडवडिलांच्या मनातच आलं नव्हतं. गोजराबाई घरी गेली.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी वर रानात ढग फुटला. गावात लख्ख ऊन होतं आणि वाकी मात्र लाल होऊन आली. खुंटांनी अडलेल्या वळणातून जायला तिला सवड नव्हती. तिनं चिंचोळ्या पट्टीवर धडक दिली. तिथं पूर्वी बन होतं, मुळं होती. आता नुसती बोडकी माती होती. धोंडजी आणि तानुबाई माळ्यावर चढून बसली आणि घरामागची पट्टी ढासळताना बघत राहिली.

पूर ओसरला. धोंडजी दार उघडून बाहेर आला, तर समोर नदीच नव्हती. मोठं वळण कोरडं पडलं होतं, आणि वाकी घरामागून सरळ वाहत होती. डोंगरगाव, देऊळ, भाऊबंद, सगळे तिच्या पलीकडं राहिले होते. गोजराबाईच्या विहिरीवर बाया पाणी भरत होत्या.

कोरड्या पात्रात खुंट उभे होते. काठालगतचा गाळ धुऊन निघाल्यामुळं जुन्या ओळी उघड्या पडल्या होत्या. एकापुढं एक, एकापुढं एक, सगळ्या गोजराबाईच्या काठाकडं रोखलेल्या. त्या वर्षी मात्र त्यांत खरोखरच मासे अडकले होते. बघायला दोन्ही गावं लोटली. आता कुणाला काही विचारायची गरज नव्हती. धोंडजीची मान वर झाली नाही.

माळगावचे म्हातारे पंच नव्या पाण्यात उतरले. "पाण्याअलीकडचं आमचं," ते म्हणाले. "धोंडजी, तुझं सगळं रान आता माळगावात आलं. कोरडं पात्र गोजराबाईच्या बांधाला लागलं, म्हणजे ते आणि त्याला लागलेलं तुझं रान तिचं. रीत म्हणजे रीत. बोल."

 तानुबाईनं पदर तोंडाला लावला.

गोजराबाई म्हणाली, "माझं गेलं तेवढं मला द्या. त्यांच्या वाडवडिलांचं त्यांनीच कसावं."

तिचं गेलेलं म्हणजे ती मळई, आणि मळईवरच धोंडजीचं नवं घर. ते त्यानं आपल्या हातानं उतरवलं. तुळया डोक्यावर घेऊन कोरड्या पात्राच्या काठानं जुन्या घराकडं जाताना रोज ते खुंट त्याला दिसत. देवळाला जायचं, लेकीच्या घरी जायचं, तर नदी ओलांडावी लागे. जन्मभर तो माळगावचा होऊन राहिला, आणि दर पावसाळ्याआधी घरामागच्या काठावर वाळुंजाची रोपं लावत राहिला.

तात्पर्य : रीत वाकवून जे मिळवावं, ते तीच रीत एक दिवस सरळ परत घेऊन जाते.