आतून ओला तंबू

“आणि वारा? वारा तरी आत येईल का?”

वेणूताईंनी असं विचारलं तेव्हा जयवंत हसला. खूप दिवसांनी हसला.

“काही येणार नाही, ताई. पाऊस नाही, वारा नाही, मुंगीसुद्धा नाही.”

त्याने तंबू ओटीवर पसरला. कच्च्या पेरूच्या रंगाचं, हातात धरलं तर निसटून जाईल असं तलम कापड. प्रत्येक शिवण दुमडून दोनदा शिवलेली, वर पाणी अडवणारा लेप दिलेला.

वेणूताई एकेकाळी शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सड्याच्या, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठाराच्या, पायथ्याशी येऊन राहिल्या. डोंगरात लागेल ते सगळं घरीच शिवत. पाठीवरच्या सॅक, कानटोप्या, झोपायच्या पिशव्या, तंबू. कुणी शिकायला आलं तर शिकवत. कोण, कुठला, असं विचारत नसत.

जयवंतचं मात्र त्यांना ठाऊक होतं.

त्याचा धाकटा भाऊ मुकुंद डोंगरातच गेला. दोघे मिळून भटकायला गेले होते. भाड्याने आणलेला तंबू पावसात शिवणीतून गळत राहिला. मुकुंद भिजला, काकडला, आणि सकाळी उठलाच नाही.

त्यानंतर जयवंतने भावाचं नाव घेतलं नाही. कुणी घेतलं तर उठून जायचा. एक दिवस कापडाचा तागा घेऊन तो ताईंच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मला शिवायला शिकवा.” तेव्हापासून तो शिवतच होता.

ताईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. कुठेही अडलं नाही.

“झरोका कुठे आहे?”

“ठेवला नाही.”

“का?”

“भोक ते भोकच, ताई.”

ताईंनी खुंटीवरची शाल आणि शिवणाची पिशवी घेतली.

“चल. आज यात झोपू.”

“दोघं? अहो, एकट्यापुरता शिवलाय मी.”

ताई पायऱ्या उतरूनही गेल्या होत्या.

सड्यावर धुकं होतं. एखादं झुडूप समोर यायचं, ओळख पटेपर्यंत विरून जायचं. खाली कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या, पण गुरं दिसत नव्हती. जयवंतने तंबू उभा केला. दोघे अंग चोरून आत शिरले. त्याने चेन ओढली.

एकदम शांत झालं.

आतला उजेड हिरवा होता, तळ्याच्या तळाशी असावा तसा. हळूहळू तोही मावळला. जयवंतला वाटलं, आपण खाली खाली जातो आहोत आणि खाली कुणी नाही. बरं वाटलं त्याला. किती दिवसांनी असं बरं वाटत होतं…

झोपेत त्याला मुकुंद दिसला. तो पाण्यात उभा होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता.

कपाळावर काहीतरी गार टेकलं.

थेंब.

जयवंत दचकून उठला. उजाडलं होतं. छतावर पाण्याचे थेंबच थेंब दाटले होते. हात लागताच ते सरसर खाली आले. त्याची बाही भिजली. ताईंची शाल भिजलेली होती.

“ताई! उठा, ताई!” त्याने त्यांना खांद्याला धरून हलवलं. “गळतोय. हाही गळतोय!”

“मी जागीच आहे रे.”

तो चेन फाडल्यासारखी ओढून बाहेर पडला. गुडघ्यांवर बसून एकेक शिवण चाचपू लागला. वरची, कोपऱ्यातली, दाराकडची…

मग त्याचा हात थांबला.

धुकं कधीच उडून गेलं होतं. वारा सुटला होता. पाऊस पडलेला नव्हता. बाहेरून कापड कोरडं होतं, अगदी खडखडीत.

ताई आतून वाकून बाहेर आल्या. केस ओले, चेहरा ओला.

“मग पाणी आलं कुठून?” त्याने विचारलं.

ताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. काच तोंडाजवळ धरली आणि हळूच श्वास सोडला.

काच पांढरी झाली.

त्यांनी चष्मा त्याच्यापुढे धरला. तो बघत राहिला. काचेवरचा ढग कडेकडेने विरत गेला.

“आपलंच?” तो म्हणाला.

ताईंनी शिवणाच्या पिशवीतून कात्री काढली आणि त्याच्या हातात दिली.

“नाही,” जयवंत म्हणाला. “नाही, ताई. भोक पाडायला सांगू नका. तुम्ही नव्हता तिथे. मी होतो. तो सारखा म्हणत होता, दादा, पाणी येतंय… दादा, पाणी येतंय. आणि मी… माझ्याकडे काहीच नव्हतं. मी हात लावून धरला होता, त्या शिवणीला. हात लावून!”

त्याचा आवाज सड्यावर लांबवर गेला. ताई त्याच्याजवळ बसल्या. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं, उठलं, पुन्हा झुकलं.

“काय म्हणत होता मुकुंद?” ताईंनी विचारलं. जणू नीट ऐकू आलं नव्हतं.

“दादा म्हणत होता.”

बऱ्याच वेळाने जयवंत उठला. दाराच्या वर, कापड जिथे सगळ्यात ताणलेलं होतं, तिथे त्याने कात्रीचं टोक टेकवलं. डोळे मिटले. कापड दाबलं तसं ते अगदी बारीक आवाज करून फाटलं.

वारा आत शिरला. तंबू एकदा फुगला आणि सैल झाला. आतले थेंब थरथरले.

ताईंनी पिशवीतून जाळीचा तुकडा काढून पुढे केला, आणि वरून छपरीसारखी लावायला कापडाची एक पट्टी. सुईत दोरा ओवून दिला. जयवंत उन्हाकडे पाठ करून बसला आणि भोकाची कड दुमडून हाताने शिवू लागला. शिवता शिवता बोलू लागला. मुकुंदला पोहता येत नव्हतं, पण नदी दिसली की तो आधी चपला काढायचा. मुकुंदला चहात साय चालायची नाही. मुकुंद झोपेत हसायचा.

मग बोलणं थांबलं. हातही थांबला.

“दिसत नाहीये, ताई,” तो म्हणाला. “डोळे सारखे भरतायत. टाका वाकडा पडेल.”

“पडू दे,” ताई म्हणाल्या. “दोरा फार ओढू नकोस, म्हणजे झालं.”