प्रश्न बदलून आणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून वाढत्या वयाचे होते आणि रात्रीतून हातभर उंच होऊन सकाळी गुराख्यांची वाट चुकवत. खोटं वाटत असेल तर एखाद्या डोंगराला विचारा. तो नाही म्हणणार नाही.

त्या काळी दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावात ख्रिस्ती मंडळी होती, मंडळीचं दगडी प्रार्थनामंदिर होतं, आणि मंदिरात पेटीच्या सुरावर अशी गीतं चालत की पलीकडच्या डोंगरावरची बकरीसुद्धा रवंथ थांबवून ऐकत उभी राही.

एका रविवारी, आभाळ स्वच्छ असताना, पावसाचा टिपूस नसताना, डोंगराची अख्खी दरड सुटली आणि प्रार्थनामंदिरावर येऊन बसली. आत उपासना चालू होती. जे आत होते ते सगळे गेले. मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, तेही गेले.

राहिलं कोण? त्या दिवशी ज्यांनी दांडी मारली होती ते. एक जण घरात घोरत पडला होता. दोघं चिंचेखाली पत्ते कुटत होते. एक म्हातारा गुराखी दुसऱ्याच्या तळ्यात चोरून मासे धरत होता. आणि गावची मास्तरीण घरात फुगून बसली होती, कारण तिनं बसवलेली गीताची चाल पाळकांनी बदलली होती. पेटीवर बसायची पाळी तिचीच. "मी नाही येत, जा," असं ती म्हणाली, म्हणून तिच्या जागी तिची धाकटी बहीण पेटीवर जाऊन बसली.

तर अशी ती मंडळी. भक्त गेले आणि दांडीबहाद्दर उरले. तुम्हाला वाटेल, या लोकांनी देवाचं नाव टाकलं असेल. उलटंच झालं. त्यांनी ढिगाऱ्याशेजारी गवताचं छप्पर घातलं आणि दर रविवारी एकूण एक जण हजर राहू लागला. जो घोरायचा तोही येई. घोरायचा तिथेच, पण येई.

अडचण एकच होती. पाळक नव्हता. पाळकाशिवाय प्रभुभोजन नाही, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर मोडून वाटणं आणि पेला फिरवणं नाही, आणि प्रभुभोजनाचा पेला फळीवर पालथा पडून होता. त्या पेल्याकडे पाहिलं की मंडळीला पोटातून भूक लागल्यासारखं होई, आणि ती भूक भाकरीनं भागत नसे.

राज्यातल्या सर्वांत उंच डोंगरावर एक सेमिनरी होती, म्हणजे पाळक घडवायची शाळा. तिथून एकामागून एक पाळक आले. पण पहिल्याच उपासनेत म्हातारा गुराखी उभा राही आणि विचारी, "साहेब, जे प्रार्थनेला गेले त्यांच्यावरच दरड का कोसळली?"

एक पाळक म्हणाले, "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात."

म्हातारा म्हणाला, "मग आम्ही काय नासकी?"

दुसरे म्हणाले, "ती परीक्षा होती."

"मेलेल्यांची कसली परीक्षा घेतली, साहेब? त्यांचा निकाल कोणाला कळवायचा?"

तिसऱ्यांनी प्रश्न ऐकला. त्यांनी पिशवी उचलली आणि ते पुन्हा डोंगर चढू लागले. बाकीचे दोघं त्यांच्याआधीच पोचले होते.

शेवटी मंडळीनं ठरवलं, की पाळक बाहेरून येतो आणि पळतो, तर पाळक आपल्यातलाच करावा. पहिली पदवी गावात एकटीकडेच होती, मास्तरीणबाईंकडे. वरची पदवी सेमिनरीत मिळायची. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर मासळीच्या वासाचा हात ठेवला आणि म्हणाला, "जा पोरी. पाळक होऊन ये. आणि माझं विचारणं तेवढं घेऊन जा."

आता त्या सेमिनरीची एक रीत होती. प्रवेश मागणाऱ्यानं एक प्रश्न घेऊन यायचा. पदवीची सगळी वर्षं त्याच प्रश्नावर अभ्यास करायचा. मात्र त्या प्रश्नाचं उत्तर सेमिनरीच्या ग्रंथालयात आधीपासून असलं पाहिजे. नसलं, तर प्रवेश नाही. म्हणतात, फार पूर्वी कोणीतरी बिनउत्तराचा प्रश्न आणला होता, आणि तेव्हाच्या प्राचार्यांची झोप अशी उडाली की ती पुढे शेजारच्या राज्यात सापडली. तेव्हापासून हा नियम.

नियम असला की त्याचा बाजार भरतोच. डोंगराच्या पायथ्याशी एक प्रश्नवाला टोपली मांडून बसायचा.

"या ताई, या! ताजे प्रश्न! परीक्षकांना आवडणारे! हा बघा, 'नम्रतेचे प्रकार किती?' उत्तर तिसऱ्या कपाटात. गेल्या वर्षी चौघांना यावर प्रवेश मिळाला."

"माझ्याकडे माझा आहे," मास्तरीण म्हणाली.

"घरचा?" प्रश्नवाल्यानं नाक मुरडलं. "ताई, घरचे प्रश्न वर चालत नाहीत. त्यांना वास येतो."

तिथून वर जायला एक खेचर होतं. मास्तरीण त्यावर बसली, तशी ते दोन पावलं टाकून थांबलं आणि मान वळवून म्हणालं, "बाई, मी जन्मभर प्रश्न वाहतोय. नम्रता वाहिली, संयम वाहिला, देवदूतांचे पंख वाहिले. पिसासारखे असतात. तुमचं काय आहे हे? उतरा."

बाई उतरल्या आणि पायी चढल्या.

वर तीन परीक्षक बसले होते. मधले प्राचार्य. त्यांचा आवाज इतका मऊ होता की तो कानात शिरताना दार वाजवत नसे.

"या भगिनी. पहिली पदवी?"

"आहे."

"मंडळीची साक्ष?"

"सगळ्यांनी मिळून दिली आहे. पण आधीच सांगते, त्यातले दोघं पत्ते कुटणारे आहेत."

"पाचारण? देवानं तुम्हाला या सेवेला केव्हा बोलावलं?"

"ते माझ्या प्रश्नातच आहे."

"मग प्रश्न सांगा."

मास्तरणीनं सांगितला. जे प्रार्थनेला गेले त्यांच्यावरच दरड का कोसळली?

डावीकडचे परीक्षक ग्रंथालयाच्या याद्या चाळू लागले. चाळून चाळून त्यांच्या बोटांना घट्टे पडले. मग ते उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "सोपं आहे. यातून 'दरड' काढा. 'प्रार्थना' काढा. मग उरतं नुसतं 'का'. आणि 'का'ची उत्तरं आपल्याकडे तीन कपाटं भरून आहेत!"

उजवीकडचे म्हणाले, "किंवा असं विचारा, भगिनी. दरड कोसळत असताना कोणतं स्तोत्र म्हणावं? यावर फार सुंदर वाद आहे."

"स्तोत्रच म्हणत होते हो सगळे," मास्तरीण म्हणाली. "म्हणत असतानाच कोसळली."

डावीकडच्यांनी याद्या मिटल्या. मग प्राचार्य आणखी मऊ आवाजात म्हणाले, "भगिनी, प्रश्न बदलून आणा. खाली बाजारात मिळतात. उद्या तुमचा प्रवेश पक्का. तुमच्या मंडळीला प्रभुभोजन हवं आहे ना? एका प्रश्नापायी तुम्ही त्यांची भाकर अडवून धरणार?"

हे मात्र मास्तरणीला लागलं. तिच्या डोळ्यांसमोर फळीवरचा पालथा पेला आला. एक होकार दिला की पेला सुलटा होणार होता. घोरणारा, पत्तेवाले, म्हातारा, सगळ्यांच्या तळहातावर भाकरीचा तुकडा येणार होता. तिच्या जिभेवर 'बरं' हा शब्द येऊन उभाही राहिला.

तिनं तो गिळला.

"प्राचार्यसाहेब," ती म्हणाली, "दुसरा प्रश्न घेऊन मी पाळक झाले, तरी पहिल्या रविवारी म्हातारा मला हाच विचारणार. तेव्हा मी कुठे पळू? तुमचे पाळक पळाले की इथे येतात. माझं घरच तिथे आहे. आणि दुसरं सांगते. त्या दिवशी माझ्या जागी माझी बहीण पेटीवर बसली. आता मी हा प्रश्न टाकला, तर मी पुन्हा तिला तिथे बसवलं आणि स्वतः घरी राहिले, असं होईल. एकदा राहिले. आता नाही."

"मग प्रवेशही नाही."

"नसू दे. उठते मी."

ती उठली, पण गेली नाही. अंगणात जेवणाची पंगत बसली होती. ती पायरीवर उभी राहिली आणि वर्गातल्या गोंगाटावर चढवायचा तो आवाज लावून तिनं आपला प्रश्न सगळ्या विद्यार्थ्यांना विचारला. एकदाच. मग ती फाटकाबाहेर गेली आणि तिथल्या दगडावर ठिय्या मारून बसली.

प्रश्न मात्र आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी उपदेशाच्या तासाला एक विद्यार्थी उभा राहिला. "बंधुभगिनींनो, देव प्रार्थना ऐकतो," असं म्हणाला आणि तिथेच अडला. पुढचं वाक्य त्याला काही केल्या सापडेना. जुन्या भाषांच्या तासाला एकानं क्रियापद चालवता चालवता मध्येच विचारलं, "पण गुरुजी, दरड?" स्वयंपाकी भात ढवळायचं थांबला आणि त्या दिवशी सगळ्यांनी करपलेला भात खाल्ला. छपराखालची कबुतरंसुद्धा घुमायची सोडून नुसती एकमेकांकडे बघत बसली, असं सांगणारे सांगतात, आणि मला कबुतरांवर अविश्वास दाखवायचं कारण दिसत नाही.

शेवटी खुद्द प्राचार्य रात्रीच्या प्रार्थनेला बसले आणि त्यांच्या तोंडून 'आमेन' निघेना. ओठ उघडत, शब्द येत नसे. पहाट होताच ते फाटकाशी आले. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. बसलेला होता.

"भगिनी, तुमचा प्रश्न परत घेऊन जा."

"नेते की. पण मी एकटी किती विचार करणार? म्हणून तर इथे आणला होता."

"आमच्याकडे उत्तर नाही!"

"हे त्या दिवशीच म्हणायचं होतं, साहेब. मी उत्तर कुठे मागितलं? मी शिकायला जागा मागितली. बरोबर बसणारी माणसं मागितली."

"उत्तर नसलेल्या प्रश्नावर पदवी द्यायची कशी?"

"ते नंतर ठरवा. आधी फाटक उघडा. बाहेर गारठा आहे आणि दगड टोचतोय."

प्राचार्यांनी फाटक उघडलं. कडी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली, आणि त्या दिवसापासून त्या प्रश्नावर विचार करायला बसणाऱ्यांत तेही बसू लागले.

मास्तरणीनं तीन कपाटंच काय, सगळी कपाटं वाचली. जुन्या भाषा शिकली, वाद घातले, रडली, भांडली, परीक्षकांना नको नको करून सोडलं. मग पदवी घेऊन आणि पाळक होऊन ती बेचक्यातल्या गावी परत आली.

पहिल्या रविवारी गवताच्या छपराखाली सगळी मंडळी बसली. अपेक्षेप्रमाणे म्हातारा उठला. काठीवर रेलून त्यानं तेच विचारलं, आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, कारण पाळक नेहमी तिकडूनच जात.

ती म्हणाली, "काका, मला माहीत नाही. वरती कोणालाच माहीत नाही, मी सगळ्यांना विचारून आले. मी हे रोज देवालाच विचारते. आजपासून तुमच्या देखत, मोठ्यानं विचारीन. आणि तो सांगेपर्यंत इथून हलणार नाही."

"आणि त्यानं नाहीच सांगितलं तर?"

"तर मीही त्याला सोडणार नाही."

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. मग तो खाली बसत म्हणाला, "असं म्हणणारी तू पहिलीच. भाकर मोड, पोरी."

तिनं पेला सुलटा केला आणि भाकर मोडली. घोरणारा त्या दिवशी पूर्ण वेळ जागा होता.

तिकडे सेमिनरीचा नियमही फिरला. कोणी ज्याचं उत्तर कपाटात आहे असा प्रश्न घेऊन आला, की प्राचार्य विचारत, "हे तर घरबसल्या कळलं असतं, मग एवढा डोंगर का चढलात?" पायथ्याच्या प्रश्नवाल्यानं काही दिवस वाट पाहिली आणि मग टोपलीत बोरं भरली.

तात्पर्य: ज्या प्रश्नानं आपल्याला दारापर्यंत आणलं, तो दाराबाहेर टाकून आत जाऊ नये.