एका दात्याचं अंतर

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी मोटारसायकली दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कोणत्या गाडीला किती दात्यांचं स्प्रॉकेट बसवावं, हे त्यांच्याइतकं अचूक पंचक्रोशीत कुणाला उमगत नसे. इंजिनापाशी एक लहान दातेरी चक्र असतं, मागच्या चाकाला एक मोठं असतं आणि दोन्हींवरून चेन फिरते. पुढचे दाते वाढवले की गाडी सपाटीवर निवांत पळते, पण चढावर तिची ओढ कमी होते. मागचे वाढवले की उलट घडतं. एवढं ज्ञान कुठल्याही गॅरेजात मिळतं. अण्णांकडे लोक लांबून येत, ते त्यापलीकडच्या कशासाठी तरी.

निवास हा त्यांचा शिष्य. तिशीला आलेला, आयटीआयमध्ये पहिला आलेला, कामाला स्वच्छ. अण्णांवर त्याची श्रद्धा होती, पण मनात एक शंकाही होती. मागच्या दात्यांना पुढच्यांनी भागायचं, हा भागाकार त्याला तोंडपाठ होता. मग अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाशी तासतासभर बोलत काय बसतात, हे त्याला कळत नसे.

अण्णा एकदा दोन दिवस परगावी गेले असताना गुरांच्या डॉक्टरबाई गॅरेजात आल्या. घाटावरच्या सात वाड्यांची जनावरं त्याच बघत. त्यांच्या गाडीची चेन झिजली होती.

"नवीन टाकताच आहात, तर एक बघा," त्या म्हणाल्या. "हायवेला गाडी फार ओरडते. जरा शांत पळेल असं काही होतं का?"

"होतं की," निवास म्हणाला. त्याने कागदावर आकडेमोड केली, पुढचं चौदा दात्यांचं स्प्रॉकेट काढून पंधराचं बसवलं आणि चेन नेमकी ताणली. बाई एक चक्कर मारून आल्या, त्या खूश होत्या. निवासलाही त्या दिवशी आपण अण्णांच्या जवळ पोचल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मिस्त्री, गाडी म्हातारी झाली बहुतेक," त्या अण्णांना म्हणाल्या. "परवा वरच्या वाडीत गाय अडली होती. मागे मदतनीस, पुढे औषधांची पेटी. शेवटच्या वळणावर पहिल्या गिअरमध्येही गाडी चढेना. क्लचचा जळका वास यायला लागला. शेवटी गाडी तिथेच लावून आम्ही चालत गेलो. गाय वाचली. वासरू गेलं."

अण्णांनी गुडघ्यावर बसून चेनचं झाकण उघडलं आणि बोटाने दाते मोजले. मग मान वर करून त्यांनी निवासकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच निवासला ती सहन होईना.

"डॉक्टरबाई," तो कसाबसा म्हणाला, "गाडी म्हातारी नाही झाली. मी तुमचा चढ विचारलाच नाही. चूक माझी आहे."

बाईंनी हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं. मग म्हणाल्या, "मीही सांगितला नाही तुम्हाला."

अण्णांनी गाडी एक दिवसासाठी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गॅरेज बंदच ठेवलं. बाईंची औषधांची पेटी पुढे टाकीवर बांधली आणि स्वतः, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मागच्या सीटवर जाऊन बसले.

"अण्णा, दाते बदलायचे आहेत ना?" निवासने गोंधळून विचारलं.

"बदलू. आधी वरच्या वाडीला चल. आणि गिअर टाकलास की मोठ्याने सांगत जा."

सपाट रस्त्यावर निवासला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. टॉप गिअर पडला तो घाटाच्या तोंडापर्यंत तसाच राहिला. चढ सुरू झाला आणि निवासचा आवाजही सुरू झाला. तिसरा. दुसरा. पुन्हा तिसरा. दुसरा. पहिला. डांबर संपून खडी लागली तिथून तो नुसतं 'पहिला, पहिला' म्हणत राहिला. इंजिन धापा टाकत होतं आणि क्लच दाबून दाबून त्याची बोटं बधिर झाली होती. शेवटच्या वळणावर गाडीने मान टाकली. निवासने दोन्ही पाय टेकले, ब्रेक करकचून दाबला, तरी गाडी हातभर मागे सरकली. डाव्या हाताला दरी होती. बाई याच जागी उभ्या राहिल्या असतील, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

अण्णा सावकाश उतरले आणि एका दगडावर टेकले.

"त्यांनी सपाटीची तक्रार केली, कारण आवाज सपाटीवर ऐकू येतो," ते म्हणाले. "इथे माणूस गाडीचं ऐकत नाही, जीव मुठीत धरून चढतो. आणि घरी गेल्यावर म्हणतो, घाट आहे, चालायचंच. म्हणून गिऱ्हाईक चढाबद्दल बोलत नाही, निवास. तू पंधरा दाते टाकलेस, त्याने सपाटीवर त्यांची दोन मिनिटं वाचली असतील. इथे किती गेली, ते तू बघितलंस. तुझा भागाकार चुकला नव्हता. तो कोणत्या रस्त्यासाठी करायचा, ते ठरवायचं राहून गेलं."

"पण चढासाठी दाते बदलले तर हायवेला आवाज वाढेल," निवास म्हणाला.

"वाढेल. एकीकडे दिलं की दुसरीकडून काढावंच लागतं. त्यातून मी सुटलो नाही, तूही सुटणार नाहीस. काय काढून घेतोय, ते मात्र तोंडावर सांगायचं."

संध्याकाळी निवासनेच काम केलं. पुढे पुन्हा चौदा दाते, मागे बेचाळीसच्या जागी पंचेचाळीस, आणि वाढलेल्या चक्राला पुरेल अशी दोन कड्या लांब चेन. अण्णा बाजूला बसून नुसते बघत होते. बाई आल्यावर निवासने आधी उणं सांगितलं. "साठच्या पुढे गाडी पहिल्यापेक्षाही जास्त ओरडेल. पेट्रोलही थोडं जास्त जाईल."

बाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "ओरडू दे," त्या म्हणाल्या. "सपाटीवर माझी कुणी वाट बघत नसतं."

महिन्याभराने त्या चेन ताणून घ्यायला आल्या. अण्णांशी बोलताना त्यांनी सहज सांगितलं, की गेल्या आठवड्यात वरच्या वाडीत दोन गाई व्यायल्या, दोन्ही वेळा त्या वेळेवर पोचल्या आणि शेवटच्या वळणावर गाडी एकदाही थांबली नाही. निवास मागच्या चाकापाशी बसून पाना फिरवत होता. त्याने वर पाहिलं नाही. मात्र ज्याला तो इतकी वर्षं अण्णांच्या गप्पा समजत होता, ते अण्णांचं सगळ्यात अवघड काम होतं, हे त्या क्षणी त्याला स्वच्छ कळलं.

मदत मागणारा काय म्हणतो, ते ऐकायला थोडा वेळ पुरतो. तो कुठे अडतो, ते पाहायला त्याच्या वाटेने एकदा जावं लागतं.