अडल्या आसवांची कहाणी

ऐक आसवाई माये, तुझी कहाणी. बायांनो, तांदळाचे पाच दाणे मुठीत धरा, मांडी घालून बसा. मधेच कुणाला रडू आलं तर येऊ द्या, मी कहाणी थांबवणार नाही.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं तांबटांची आळी होती. आळीत नारोबा तांबट राहत होता. हंडे घडवी, घंगाळी घडवी, हातोडीनं एकसारखे ठोके देऊन त्यांवर मठाराची नक्षी उठवी. त्याची बायको येसू. त्याची आई चिमाई. आणि त्यांची एक लेक होती, मंजुळा, चार वर्षांची. घरात माणसं चार, पण बोलणं सगळं मंजुळेचं.

एके वर्षी काय झालं? कार्तिकात मंजुळेला ताप भरला. पहिल्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

येसूनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं. इतक्यात चिमाई पुढं झाली, तिनं सुनेच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "रडू नको ग. आईची आसवं पडली की पोराच्या वाटेत चिखल होतो. तिचे पाय रुततील, तिला पुढं जाता येणार नाही." येसूनं हुंदका गिळला.

मग पाचव्या दिवशी शेजारीण आली. म्हणाली, "रडू नको बाई. रडत्या बाईची कूस पुन्हा भरत नाही." येसूनं हुंदका गिळला.

मग आठव्या दिवशी उपाध्ये आले. म्हणाले, "रडून काय होणार? तिचं आयुष्य तेवढंच लिहिलेलं होतं." येसूनं तिसऱ्यांदा हुंदका गिळला.

तिघांनीही भल्यासाठीच सांगितलं. येसूला वाटलं, तिघं सांगतात त्या अर्थी खरंच असेल. तिनं डोळे पुसले, आणि त्यानंतर तिला डोळे पुसावे लागले नाहीत.

मग काय झालं? पहिल्या महिन्यात येसूची झोप गेली. दुसऱ्या महिन्यात चव गेली, आमटीत मीठ पडलं की नाही ते तिला कळेना. तिसऱ्या महिन्यात जबडा आवळला, मान धरली, आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होऊ लागलं. नारोबानं वैद्याला बोलावलं. वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, पापणी उलटून डोळा पाहिला. म्हणाला, "नाडी बरी आहे, जीभ बरी आहे. डोळा मात्र कोरडा ठाक आहे. आजार आहे हे दिसतं, पण कुठं आहे ते मला सापडत नाही." काढा दिला, लेप दिला, डोळ्यांत घालायला अंजन दिलं. गुण आला नाही.

माघात शेजारच्या घरी लग्न निघालं. मुलगी सासरी निघाली, आया-मावश्या रडू लागल्या, सारा मांडव रडू लागला. आणि येसूला हसू आलं. दाबलं तरी आवरेना, पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. बाया रागावल्या, "अशी कशी ग तू? पोटची पोर गेली तेव्हाही कोरडी, आणि आता हसतेस?" येसू घरी पळाली. ती कांदे घेऊन चिरायला बसली. एक चिरला, दोन चिरले, तीन चिरले. डोळ्यांत पाणी नाही. दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती नुसती उंबऱ्यात बसली होती. समोर कुणाची तरी शेळी वळचणीखाली भिंतीला अंग घाशीत होती. एवढंच. आणि येसूच्या गळ्याशी रडू आलं. तिनं घाबरून श्वास कोंडला, दोन्ही मुठींनी डोळे दाबले. म्हणाली, "हे काय ग बाई? शेळीसाठी कोण रडतं? मला वेड तर लागत नाही?"

मला विचाराल बायांनो, तर मलाही कळत नाही. कहाणीत आहे तसं सांगते.

मग येसूनं कळशी घेतली आणि ती नदीवर निघाली. मनात म्हणाली, माणसं रडतात ती का रडतात, एवढं मला कुणाला तरी विचारलं पाहिजे.

वाटेत एक बाई भेटली. तिचा लेक बारा वर्षांनी परमुलखातून परत आला होता. लेकाला मिठी मारून ती रडत होती. येसूनं विचारलं, "बाई, बाई, तू का रडतेस?" ती म्हणाली, "माझा लेक आला." "मग हे सुख का दुःख?" "सुखच ग." "मग रडतेस का?" बाईनं डोळे पुसले, विचार केला, म्हणाली, "ते मला कळत नाही."

पुढं गेली तर पारावर एक म्हातारा बसला होता. कसलीशी गंमत आठवून पोट धरून हसत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. येसूनं विचारलं, "बाबा, बाबा, तुम्ही हसता का रडता?" म्हातारा म्हणाला, "पोरी, निघालो होतो हसायला. मधेच माझी गेलेली म्हातारी आठवली. आता कोणतं पाणी कशाचं ते मलाच कळत नाही."

पुढं गेली तर ओसरीवर एक बाळंतीण पोराला पाजत होती. पोर गुटगुटीत, आई धडधाकट, ओसरीवर ऊन पडलेलं. आणि आईच्या डोळ्यांतून टपटप आसवं. येसूनं विचारलं, "बाई, तुला काही दुखतं खुपतं का?" ती म्हणाली, "काही नाही." "कुणी बोललं का?" "कुणी नाही." "मग का रडतेस?" ती म्हणाली, "कुणास ठाऊक. दिवसातून एकदा येतं, रडले की मोकळं वाटतं."

येसूला काहीच उलगडेना. तिघं तीन तऱ्हेनं रडतात, आणि तिघांनाही कारण धड सांगता येत नाही. मला कारण आहे, तर मला रडू नाही. तिचं डोकं भणभणू लागलं. ती तशीच नदीच्या डोहाशी आली.

डोहाच्या काठी एक म्हातारी पाण्यात पाय सोडून बसली होती. लुगडं ओलं, केस ओले, डोळे ओले. म्हातारीनं विचारलं, "मुली, कळशी घेऊन आलीस, मग पाणी का भरत नाहीस?" येसू म्हणाली, "आजी, मला दम लागलाय. छाती जड झालीय." "कधीपासून?" "माझी मंजुळा गेली तेव्हापासून." "मग रडलीस का?" "नाही आजी." "का ग?"

येसूनं सगळं सांगितलं. शेजारीण काय म्हणाली ते सांगितलं, उपाध्ये काय म्हणाले ते सांगितलं. शेवटी सासूचं सांगितलं. "आजी, मी रडले तर माझ्या पोरीच्या वाटेत चिखल होईल. तिचे पाय रुततील."

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार वर्षांची होती ना?"

"हो."

"मग तिला चिखल आवडत नव्हता?"

येसूला मंजुळा दिसली. न्हाणीमागच्या चिखलात फतकल मारून बसलेली, कोपरापर्यंत हात बरबटलेले, चिखलाच्या भाकरी थापणारी. "आई, ही तुला. ही बाबांना. ही मोठी मलाच." त्या दिवशी येसूनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता. ते आठवलं, आणि येसूचा आवळलेला जबडा सुटला. तिनं असा टाहो फोडला की झाडावरचे बगळे उडाले. रडता रडता म्हणाली, "मी तिला मारलं हो आजी, चिखलासाठी मारलं." म्हातारी 'गप' म्हणाली नाही. 'रडू नको' म्हणाली नाही. 'का' म्हणाली नाही. नुसती पाठीवर हात ठेवून बसली. ऊन कलेपर्यंत येसू रडली. मग आपोआप थांबली. तोंड धुतलं, ओंजळभर पाणी प्याली. तिला भूक लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा लागली.

येसूनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, तू कोण आहेस?" म्हातारी म्हणाली, "मी आसवाई. मी पाण्यात असते, माणसांच्या डोळ्यांत असते. मला कोंडलं की मी अंगात फिरते. डोक्यात शिरते, छातीत शिरते, झोपेत शिरते." येसू म्हणाली, "माये, मला वसा सांग." आसवाई म्हणाली, "सांगते. पण लोक हसले म्हणून सोडशील, सासू रागावली म्हणून मोडशील." येसू म्हणाली, "घेतला वसा सोडणार नाही, कुणाच्या सांगण्यानं मोडणार नाही."

मग आसवाईनं वसा सांगितला. माघातल्या शुक्रवारी घ्यावा, दर शुक्रवारी करावा, चैत्रातल्या शेवटच्या शुक्रवारी पुरा करावा. दुपारी कामं आवरावीत. तांब्याभर पाणी ठेवावं, गुळाचा खडा ठेवावा. एकटीनं बसू नये, कुणाला तरी जवळ बसवावं. गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यावं, ते कसं होतं ते सांगावं. रडू आलं तर येऊ द्यावं, नाही आलं तर ओढून आणू नये. जवळच्यानं 'गप' म्हणू नये, कारण पुसू नये. मग तोंड धुवावं, पाणी प्यावं, गूळ खावा, कामाला लागावं. "आणि एक ऐक," आसवाई म्हणाली, "आसवं दिवसचे दिवस खळेनात, अन्न पोटात जाईना, तर वैद्यालाही बोलाव. माझा वसा औषधाच्या आड येत नाही." असं म्हणून ती पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

येसू घरी आली. शुक्रवार आला. तिनं पाणी ठेवलं, गूळ ठेवला, नवऱ्याला म्हणाली, "अहो, घडीभर माझ्याजवळ बसा." नारोबानं विचारलं, "कशाला?" "मंजुळेचं नाव घ्यायचंय." नाव ऐकलं आणि नारोबाचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. "गेलेल्या पोरीचं नाव घेऊन काय मिळणार आहे?" असं म्हणून त्यानं पायानं तांब्या लवंडला आणि तो कामावर जाऊन बसला. येसूनं पाणी पुसलं, तांब्या पुन्हा भरला. शेजारणीच्या म्हाताऱ्या आईला जवळ बसवलं आणि वसा केला.

मग नारोबाचं काय झालं? पहिल्या शुक्रवारी त्याचा ठोका चुकला, हंड्याला पोचा आला. दुसऱ्या शुक्रवारी घंगाळाचा काठ फाटला. तिसऱ्या शुक्रवारी हात थरथरू लागला, छातीत कळ आली, आणि तो ऐरणीशेजारीच आडवा झाला. वैद्य आला. मात्रा चाटवली, म्हणाला, "जीव वाचला. पण हात का थरथरतो ते मला सांगता येत नाही." चिमाई देव्हाऱ्यापुढं बसून राहिली. येसूला भीती वाटली, पोर गेली, आता हाही जातो.

चौथा शुक्रवार आला. येसूनं पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या अंथरुणाशी नेला. जवळ बसली. मग नारोबा आपणहून बोलला.

"येसू, माझ्या ठोक्यांवाचून तिला झोप येत नसे, आठवतं?"

"आठवतं."

"मी थांबलो की डोळे उघडायची. म्हणायची, बाबा, वाजवा ना." त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. "आता मी हातोडी उचलतो, आणि मला कळत नाही मी कुणाला निजवतोय."

आणि नारोबा रडला. तोंड भिंतीकडं केलं, अंग गदगदा हलू लागलं. येसूनं 'का' म्हटलं नाही, 'गप' म्हटलं नाही. त्याला मोकळं होऊ दिलं, मग पाणी दिलं, गूळ दिला. नारोबा झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला. हात एकदम बरा झाला असं नाही. पण वैद्याची मात्रा लागू पडू लागली, थरथर उतरत गेली, फाल्गुनात तो पुन्हा ऐरणीशी बसला. नवरा-बायको दोघं वसा करू लागली.

चिमाई लांबून बघे आणि चिडे. "भरल्या घरात हे काय मांडलंय? लक्ष्मी निघून जाईल." कधी भांडी आपटी, कधी दार लावून घेई. येसू उलटून बोलली नाही, आणि तिनं वसाही सोडला नाही.

चैत्र आला. शेवटचा शुक्रवार आला. येसूनं आळीतल्या पाच बाया बोलावल्या. एकेकीनं आपापल्या माणसाचं नाव घेतलं, आपापल्या माणसाचं सांगितलं. चिमाई स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी होती. येसूनं पाहिलं तर म्हातारीचे खांदे हलत होते.

येसू उठली. "आत्याबाई, काय झालं?"

"कुठं काय? धूर गेला डोळ्यांत."

"आत्याबाई, चूल अजून पेटवलीच नाही."

चिमाईनं चुलीकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. म्हणाली, "मग मला का येतंय ग? मला तर काही झालेलं नाही." येसूनं सासूचा हात धरला, तिला बायांच्या मधे आणून बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. चिमाईचे ओठ हलले, आवाज फुटेना. दुसऱ्यांदा हलले, आवाज फुटेना. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "केशव."

नारोबानं कामावरून मान वर केली. हे नाव त्यानं आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

चिमाई म्हणाली, "तुझ्या आधी होता रे. सव्वा वर्षाचा. माझ्या सासूनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता." एवढं बोलून ती सुनेच्या मांडीवर डोकं टेकून रडली. लहान मुलीसारखी रडली. नारोबा हातोडी ठेवून आला आणि आईच्या पायांशी बसला. रडं सरल्यावर चिमाईनं तोंड धुतलं, गूळ खाल्ला, आणि विचारलं, "केशवाचे केस कुरळे होते, सांगू का?" सगळ्यांनी म्हटलं, "सांगा." मग ती दिवेलागणीपर्यंत सांगत होती.

पुढं त्या घरात पुन्हा पाळणा हलला की नाही, ते कहाणीत नाही. येसूला झोप लागू लागली, अन्नाची चव कळू लागली, छातीवरचा पाटा उतरला, एवढं आहे.

आसवाई त्यांना जशी मोकळी झाली, तशी तुम्हां-आम्हां मोकळी होवो. कुणाचं रडू अडू नये, कुणाला एकटं रडावं लागू नये. लांबलचक गोष्ट होती, आवरून सांगितली. सांगणारीला पुण्य, ऐकणारीला फळ. आसवाईची कहाणी इथं सुफळ पुरी झाली.