एका अक्षराची पोथी

"सगळं आलं का यात?"

भैरवगीर महाराजांचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे होते. पद्मनाभशास्त्र्याच्या हातातली पोथी त्या तळव्यांच्या वीतभर वरच थांबली.

"आता आणखी काय राहिलं, महाराज?"

"राहिलं असं मी कुठं म्हणालो..."

ओसरीवर ऊन सरकत होतं. पद्मनाभ थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग त्यानं पोथी छातीशी घेतली, रुमालात बांधली आणि पाय आपटत आपल्या खोलीकडं गेला.

ही चौथी खेप होती.

पिंपळखिंडीच्या त्या मठात अशी रीत होती की, वैद्यकी शिकून जाणाऱ्या शिष्यानं जे मिळवलं त्यातलं काहीतरी गुरूच्या हातात ठेवायचं. ते ठेवलं की आज्ञा मिळाली, निघायला मोकळा. त्याआधी निघालेल्याच्या हातचं औषध आसपासच्या चाळीस गावांत कुणी घेत नसे. एकानं म्हणे नुसती एक मुळी ठेवली होती. एकानं रडणाऱ्या लेकराला गप्प करायची शीळ वाजवून दाखवली होती, आणि महाराजांनी ती हात पसरून घेतली होती.

पद्मनाभाला असलं काही शोभणारं नव्हतं. तो शास्त्र शिकून मठात आला होता. महाराजांना तर अक्षराची ओळखही नाही. नाडी, पाला आणि माणसाचं तोंड एवढंच त्यांना वाचता येई. तेव्हा पद्मनाभानं ठरवलं होतं की, आपण पोथी ठेवायची. एका अक्षरावर जेवढे म्हणून माणसाचे रोग सुरू होतात, ते सगळे. लक्षण, पथ्य, औषध यांसकट. अक्षरही त्यानंच निवडलं, क. क वर रोगांची जत्राच भरलेली असते.

"बरं," महाराज म्हणाले होते.

झालं. शास्त्रीबुवा बसले लिहायला. कावीळ, कांजिण्या, काळपुळी. पायाला होणारं कुरूपसुद्धा सोडलं नाही. क्षय या अक्षरात घ्यायचा की त्याचं घर वेगळं, यावर तीन दिवस स्वतःशीच भांडण केलं आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच जिंकला. दुसऱ्या खेपेला त्यानं क्रोधही घातला. वाटलं, साधूला असलं काहीतरी हवं असणार.

"क्रोध कशाला?" महाराज हसले होते. "तो मला रोज येतो. आल्यावर भूक चांगली लागते."

मग क्रोध खोडला, आणखी सात रोग वाढवले. माघात संस्थानाहून पत्र आलं: दरबारच्या वैद्याची जागा रिकामी आहे, अक्षय्य तृतीयेच्या आत हजर व्हावं. आता चैत्र निम्मा सरला होता, आणि पोथी अजून महाराजांच्या हातात पडत नव्हती.

का पडत नव्हती, ते एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे खुद्द पद्मनाभ.

क वरचा एक रोग त्यानं लिहिलाच नव्हता. आठवला नाही म्हणून नव्हे. तो रोग त्याच्या कमरेवर होता. बेंबीच्या डाव्या अंगाला, तळहाताएवढा, दुधासारखा पांढरा.

उपरणं तो छातीखालून असं घट्ट गुंडाळायचा की उन्हाळ्यात घामोळं यायचं. अंघोळ सगळ्यांच्या आधी, एकट्यानं. त्याच्या घरात या रोगाचं नावसुद्धा कुणी काढत नसे. गोदूआत्याच्या गळ्यावर तो उठला, तेव्हा तिचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि माजघरामागच्या खोलीत तिनं सव्वीस वर्षं काढली. घरची माणसं "ते" म्हणायची. आत्याचं "ते" कसं आहे. नाव घेतलं तर भिंतीतून दुसऱ्याच्या अंगावर येईल, असा सगळ्यांचा समज.

नाव घेतलं नाही, तरी आलंच.

आता दरबारात राजाची नाडी धरायची आणि अंगावर हे. कुणी धरू दिली असती?

दुसऱ्या दिवशी सकाळी रोगी येऊन बसायच्या आधीच एक म्हातारा ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मागं पदर गळ्याशी आवळून धरलेली बावीस-तेवीस वर्षांची त्याची लेक. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला.

"शास्त्रीबुवा, तुम्हीच का ते क लिहिणारे?"

पद्मनाभाला हसू आलं, पण बरंही वाटलं. "मीच. कोण आपण?"

"मी नारबा कोष्टी, जाखलेवाडीचा. ही माझी हौसा. बाजारात ऐकलं, क चा एकबी रोग तुम्ही सोडला नाही. म्हटलं, आमचाबी क लाच येतो."

"काय होतंय?"

नारबानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आवाज पार खाली आणला.

"ते... पांढरं."

"कोड म्हणतात त्याला," हौसा म्हणाली. "आबा, नाव घेतल्यानं ते वाढत नाही."

तिनं फडकं सोडलं. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरा पट्टा गेला होता. कडेला भाजल्यासारखे लाल फोड.

"बावची लावली?"

"गावातल्या वैदूनं लावली. वर उन्हात बसवलं. कोड हाय तसंच, चामडी तेवढी गेली."

पद्मनाभ नकळत पाऊलभर मागं सरला. हौसानं ते पाहिलं.

"हे शिवल्यानं दुसऱ्याला लागतं का, शास्त्रीबुवा?"

"नाही. शिवल्यानं पसरत नाही."

"मग मागं का सरला?"

शास्त्रीबुवांनी नजर फिरवली. दोन हातांवर महाराज बसले होते, पुढ्यात आवळकाठीचं सूप. ते निवडत राहिले.

"संस्थानाच्या वाटेवर माझं सासर. तिथं आधी ताट वेगळं केलं," हौसा सांगू लागली, जशी काही शेजारणीची हकीकत सांगतेय. "मग खाट वेगळी. मग गाव वेगळं. दोन वर्षं झाली आता माहेरी. मला बरं करा म्हणत नाही मी. पोथीत काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

"पोथी अजून पुरी..."

"असू द्या. आहे तेवढी वाचा. चार कोस चालून आलोय."

नारबा पायरीवर बसला आणि हात जोडून ऐकायच्या तयारीला लागला. आता पोथी न सोडून चालणार नव्हतं. पद्मनाभानं रुमाल सोडला. एकेक नाव वाचू लागला. वाटलं, एवढी नावं ऐकून बाईमाणूस कंटाळेल, मध्येच उठेल.

हौसा उठली नाही. काळपुळीला म्हणाली, "ही आमच्या दिराला झाली होती, त्याचं ताट नाही केलं कुणी वेगळं." कुरूप आलं तेव्हा बापाकडं बघून म्हणाली, "तुमचं आलं बघा, आबा." वाचणाऱ्याचा आवाज मात्र एकेका पानाला बारीक होत चालला.

"केसतूड. कोठा जड होणे. कोरडी ढास..."

तो थांबला.

"झालं?"

"झालं."

"केसतूडसुदिक लिहिलंय तुम्ही," हौसा म्हणाली. "आमचं नाही."

पद्मनाभ पानं गोळा करू लागला.

"मग आबा, सरळ आहे की. इतक्या शिकल्या माणसानं एकबी रोग सोडला नाही, आणि यात हे नाही. म्हणजे हा रोगच नाही. शास्त्रीबुवा, तेवढं एका कागदावर लिहून द्या. खाली सही करा. मी सासरी नेऊन दाखवते."

ती टोमणा मारत होती. पण म्हाताऱ्याला टोमणा कळला नाही. त्याचं तोंड उजळलं. तो घाईनं उठला, पागोटं सावरलं.

"द्याल का हो खरंच? शास्त्रीबुवाच्या हातचं आहे म्हटल्यावर त्यांना ऐकावंच लागंल. लेक आपल्या घरी जाईल माझी."

"आबा..." हौसा म्हणाली.

पद्मनाभानं महाराजांकडं पाहिलं. काहीतरी सांगतील, निदान मान तरी हलवतील. महाराजांनी सूप उचललं आणि भिंतीकडं तोंड करून, सगळ्यांना पाठ देऊन बसले.

रोखणारं कुणी उरलं नाही.

कागद होता. बोरू होता. चार शब्द लिहायचे होते. म्हातारा आनंदानं गेला असता, महिन्याभरानं फसवला गेलोय म्हणून रडला असता, आणि तोवर शास्त्रीबुवा दरबारात पोचले असते. पद्मनाभानं बोरू शाईत बुडवला सुद्धा. "हा रोग" एवढं लिहिलं. बोरूच्या टोकावर शाई गोळा होऊन कागदावर पसरली, तरी पुढचा शब्द येईना.

त्यानं बोरू खाली ठेवला.

मग उभा राहिला आणि कमरेचं उपरणं सोडू लागला. इतक्या वर्षांची गाठ, बोटांना लवकर सापडली नाही.

नारबानं आधी मान फिरवली. मग वळून पाहिलं आणि परत पायरीवर बसला.

हौसा जवळ आली. पुष्कळ वेळ पाहत राहिली. आपल्या हाताकडं पाहिलं, पुन्हा त्याच्या कमरेकडं.

"किती वर्षं?"

"चौदा."

"कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाही. आता तुम्हाला."

"बावची लावता?"

"लावतो. फोड येतात."

"मलाबी."

तिनं फडकं पुन्हा हाताला गुंडाळलं. मग म्हणाली, "माझं हातावर निघालं म्हणून मला घालवलं. तुमचं पोटावर निघालं म्हणून तुम्ही शास्त्रीबुवा."

"हो," पद्मनाभ म्हणाला.

त्याला वाटलं होतं, ती हसेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि जमिनीवर पडलेलं उपरणं उचलून त्याच्या हातात दिलं.

"घाला अंगावर. पण एवढं आवळू नका. घामोळं आलंय सगळं."

पद्मनाभ खाली बसला. कोरं पान घेतलं. "कोठा जड होणे" आणि "कोरडी ढास" यांच्या मधे जे नाव यायला हवं होतं, ते त्यानं पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

"आता सांगा," तो हौसाला म्हणाला. "पहिल्यांदा काय दिसलं?"

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. उन्हात हात कसा पोळतो. दुखत कसं नाही. पाणवठ्यावर बाया घागर कशी बाजूला ओढून घेतात. हे शास्त्रात बसत नाही म्हणून एरवी त्यानं सोडलं असतं. मधेच स्वतःचंही घालत होता, आणि गोदूआत्याचं. कधी कुणाचं वाक्य चाललंय ते नारबाला कळेना. शिवल्यानं पसरत नाही, हे त्यानं दोनदा लिहिलं.

"आबांना तो कागद आता कसला देणार," हौसा हळूच म्हणाली.

"कागद नाही देत. मीच येतो. तुमचं सासर संस्थानाच्या वाटेवरच आहे ना? तुमच्या ताटाला ताट लावून जेवतो. बघू दे त्यांना."

"ते तुम्हालाबी घालवतील."

"घालवतील..." पद्मनाभ म्हणाला. "आणि दरबारातही जाऊन आधी हेच दाखवणार. ठेवायचं तर ठेवतील."

नारबा पायरीवरून पुढं सरकला. आता म्हणाला, "ठेवतील ना हो?" आणि ते त्यानं लेकीबद्दल विचारलं की शास्त्र्याबद्दल, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

पान भरत आलं. पद्मनाभ शेवटच्या ओळीशी आला. प्रत्येक रोगाच्या शेवटी त्यानं एक ओळ ठेवली होती, औषधाची. "औषध" एवढं लिहून तो थांबला. बावची लिहायला हात धजेना. दुसरं काही ठाऊक नव्हतं. ओळ तशीच राहिली.

पानं एकत्र करून त्यानं रुमालात न बांधताच उचलली आणि महाराजांच्या समोर येऊन बसला. महाराज आता वळले होते. सूप बाजूला ठेवून त्यांनी तळवे मांडीवर उघडे टाकले.

"सगळं आलं का यात?"

"नाही, महाराज."

महाराजांचे तळवे उघडेच होते.

"एका रोगाचं औषध मला सापडलं नाही. चौदा वर्षं शोधतोय. ती ओळ कोरी आहे..." त्यानं पोथी पुढं केली. "अपुरीच आहे पोथी. तरी घ्याल का?"

या खेपेला पोथी अधांतरी थांबली नाही. महाराजांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मग न वाचता येणाऱ्या त्या पानांवरून अंगठा फिरवत शेवटच्या, अजून ओल्या पानाशी आले.

"कोरी ओळ ही का?"

"हो."

महाराजांनी पान डोळ्यांजवळ नेलं. बोटानं जागा मापली.

"अरे... जे ठाऊक नाही त्याला एवढीशीच जागा ठेवलीस?"