विरजणाचे गाडगे

एकदा एका तरुण आईची झोप मातीच्या एका गल्ल्याने उडवली. गल्ला तिचा नव्हता, तिच्या सात वर्षांच्या मुलीचा, गार्गीचा होता. गुढीपाडव्याला तो फोडायचा आणि सायकल आणायची, हे गार्गीने साऱ्या आळीला सांगून ठेवले होते. गल्ल्यात मात्र आता वाजण्यापुरती चार नाणी उरली होती. बाकीचे पैसे आईनेच काढले होते.

आधी दिवाळी झाली, मागोमाग धाकट्या दिराचे लग्न. मग आहेर, परतआहेर, नव्या जोडप्याला मेजवान्या. चार महिने घराने हात सैल सोडला तो सोडलाच. बाई वाणिज्य शाखेची पदवीधर. तिच्याकडे तांबड्या रेघा आखलेली जमाखर्चाची सुंदर वही होती. वर किराणा, मग दूध, वीज, हप्ता, आणि सर्वांत खाली टपोऱ्या अक्षरांत 'शिल्लक'. त्या शेवटच्या ओळीपर्यंत पैसा कधी पोचलाच नाही. फाल्गुनात गॅसचे सिलिंडर दारात आले त्या दिवशी तिने केसांतली पिन काढली आणि गल्ल्याच्या फटीत घातली. "नंतर भरून टाकू," असे ती पुटपुटली. चोरही असेच म्हणत असतील, हे तिला त्याच क्षणी सुचले. पण सिलिंडरवाला खोळंबला होता.

खर्च आवरत नाही तर मिळकत वाढवावी, असे मनाशी ठरवून ती गावाबाहेरच्या गोठ्यावर अप्पांकडे दही लावायला शिकू लागली. अप्पा पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांचे दही सुरीने कापावे लागते अशी ख्याती होती. सकाळी त्यांच्या हाताखाली राबायचे, आठवड्याला मजुरी घ्यायची, विद्या वर फुकट. ती शिकत होती मन लावून. फक्त मन अधूनमधून गल्ल्याकडे पळत होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गोठ्यावर नुसती धमाल उडाली. घरोघरी श्रीखंड होणार, तेव्हा चक्क्यासाठी दह्याला मरणाची मागणी! फटफटत होते, फाटकाशी माणसे किटल्या घेऊन उभी होती. अप्पांनी पहिल्या मडक्यावरचे फडके काढले आणि गिऱ्हाइकाकडे न बघता आधी एक डाव दही काढून छोट्या गाडग्यात घातले. गाडगे झाकून त्यांनी उंच फळीवर ठेवले. मगच म्हणाले, "हं, सोड आता लोकांना आत."

दोन तासांत मडकी पालथी पडली. बाईचे हात दह्याने माखले, केस सुटले, आणि कित्येक दिवसांनी तिला मनापासून हसू येत होते. एवढ्यात एक मिठाईचा व्यापारी घाम पुसत धावत आला.

"अप्पा, घात झाला! लग्नघरची ऑर्डर आहे. काय असेल ते सगळं द्या."

"शेठ, संपलं."

"ते फळीवरचं काय मग? दुप्पट देतो."

"ते विकायचं नाही."

"तिप्पट! अहो, हातभर गाडगं सुद्धा नाही ते. म्हातारपणी कुठं नेणार आहात बांधून?"

"म्हैस न्या शेठ, दावं सोडून देतो. गाडगं नाही मिळायचं."

व्यापाऱ्याने पाचशेची नोट काढली आणि बाईपुढे नाचवली. "ताई, तुम्ही तरी शहाण्या दिसता. पाचशे अप्पांना, आणि हे दोनशे तुम्हाला वेगळे. काढा खाली."

दोनशे! बाईच्या डोळ्यांपुढे गल्ला उभा राहिला. विचार पुरा होण्याआधीच ती स्टुलावर चढली होती आणि गाडगे तिच्या हातात होते.

"ठेव ते वर," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तिचे हात थांबले. गाडगे पुन्हा फळीवर गेले. व्यापारी "धंदा कळत नाही तुम्हाला," असे बडबडत निघून गेला.

"अप्पा, वाटीभर दह्याचे पाचशे रुपये!" तिला राहवेना. "एवढं काय आहे त्यात?"

"उद्याची सगळी मडकी आहेत त्यात," अप्पा खाटेवर टेकत म्हणाले. "ते विरजण आहे, पोरी. ते शेठला दिलं की उद्या माझ्याकडं नुसतं दूध."

"विरजणच ना? शेजारच्या गोठ्यावरून आणलं असतं मी पळत जाऊन."

"मिळालं असतं की. पण का मिळालं असतं? त्यानं ठेवलंय म्हणून."

बाई स्टुलावरच बसली. अप्पांना गल्ल्याची गोष्ट ठाऊक नव्हती. तरी बाण लागायचा तिथेच लागला होता. साऱ्या घरात मोठी माणसे कमावत होती, उधळत होती, आणि अडल्या दिवशी धावून जायला विरजण ठेवले होते फक्त एका सात वर्षांच्या मुलीने.

"आणि काढायचं कधी, बघितलंस ना?" अप्पा बोलत होते. "मडकं भरलेलं असतं तेव्हा. पहिलं गिऱ्हाईक आत यायच्या आधी. लोक म्हणतात, विकून उरलं की ठेवू. अगं, आजवर कुणाचं उरलंय?"

ती ताडकन उठली. "अप्पा! म्हणजे ती ओळ खाली नकोच! सगळ्यात वर हवी!"

"कसली ओळ?"

"आहे एक! अप्पा, या आठवड्यापासून मी अर्धी मजुरी बाजूला काढणार. अर्धी!"

अप्पा खो खो हसले. "शेरभर दुधाला शेरभर विरजण? दही असं आंबट होईल की नवरा हॉटेलात जेवेल आणि पोर ताट सरकवेल. चमचाभर घाल. पण रोज घाल. आणि लागेपर्यंत दहा वेळा हलवून बघू नकोस."

मजुरीचे पाकीट घेऊन ती निघाली. बाजारात साखरेच्या गाठी लटकत होत्या, नव्या साड्या दुकानाच्या दारापर्यंत आल्या होत्या. काल ती यादी करीत हिंडली असती. आज तिची पावले धावायला बघत होती. घरी येताच तिने वहीचे नवे पान उघडले, 'शिल्लक' सर्वांत वर लिहिले आणि त्यापुढे छोटासाच आकडा घातला. एवढ्याशा आकड्याने छाती इतकी का धडधडावी, याचे तिचे तिलाच हसू आले. मग तिने तेवढे पैसे हातात घेतले आणि गार्गीला हाक मारली. हे अधिक अवघड होते.

"गार्गी, तुझ्या गल्ल्यातले पैसे मी घेतले. सिलिंडरसाठी. तुला विचारलं नाही, हे माझं चुकलं. हे बघ, आजपासून दर आठवड्याला सगळ्यात आधी यात टाकीन. पण उद्या सायकल नाही येणार, बाळा. दिवाळीपर्यंत येईल."

तिने नोटा फटीतून आत सारल्या आणि तिच्या रडण्याची वाट पाहिली. गार्गीने गल्ला उचलला, कानाशी नेला, खाली ठेवला. मग दाराकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आई, त्यातले वीस रुपये तुझ्याआधी मीच काढले होते. गोळा खायला. ते पण तूच भरशील?"